नाणं-तिकिटांची फ्रेम बनवून घ्यायची असेल तर ठाण्यातलं हे दुकान बघाच

आमच्या लोकमान्य नगरच्या अभ्यासिकेसाठी १४ एप्रिलला बाबासाहेबांची एक फ्रेम करायची होती, पण नुसता फोटो नको होता, त्यांना देशाने जे मान दिले ते मुलांना समोर दिसायला हवे होते. राम मारुती रोडच्या आतल्या गल्लीत जुनी नाणी-तिकिटं विकणारे एक काका आहेत, फ्रेमिंगही तेच करतात, त्यांच्याकडे काम दिलं.

काम एक नंबर! १९६६ चं १५ पैशांचं तिकीट मिंट, म्हणजे न वापरलेलं, मिळालं, मागचा गम जसाच्या तसा. आणि शताब्दीचं १९९० चं एक रुपयाचं नाणं. मी म्हटलं काका जरा चमकवून द्या, तर ते म्हणाले, "पॉलिश मारलं की नाणं गेलं समजा", मग तसंच कॅप्सूलमध्ये बसवलं आणि फ्रेमला मागूनही काच लावली, म्हणजे उलटी बाजूपण दिसते. तिकीट डिंकाने न चिकटवता पारदर्शक पाकिटात सरकवलंय.

पण मला खरं आवडलं ते लेबलचं काम. त्यांच्याकडे तयार लेबल होतं, त्यावर फक्त नाव आणि भारतरत्न. मी म्हटलं असं नको, मरणोत्तर लिहा आणि साल टाका, कारण बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला आणि भारतरत्न मिळालं १९९० ला, राष्ट्रपती वेंकटरमण यांच्या हातून त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी (सविता आंबेडकर) स्वीकारलं, मधली ३३ वर्षं मुलांना दिसायलाच पाहिजेत ना. त्याच वर्षी नेल्सन मंडेलांनाही भारतरत्न मिळालं, तेही लिहून घेतलं. काकांनी अजिबात कटकट न करता नवीन लेबल टाईप केलं, वर स्वतःहून विचारलं, "शिक्षणाचं काही नाही का टाकायचं?" मग खाली अजून एक पट्टी आली: १९४५ पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज, १९५० औरंगाबादचं मिलिंद कॉलेज. आमच्याकडे एमपीएससी करणाऱ्या मुलांना संविधान सभा, मसुदा समिती तोंडपाठ आहे, चवदार तळ्याचं १९२७ पण सांगतील, पण या माणसाने गरिबांच्या पोरांसाठी कॉलेजं उभी केली हे बऱ्याच जणांनी त्या पट्टीवरच पहिल्यांदा वाचलं, आणि मला तर वाटतं हे भारतरत्नाच्याही आधी सांगायला पाहिजे.

सगळं मिळून १८५० रुपये झाले, बिल दिलं. थोडं महाग वाटेल पण लाकूड चांगलं आहे, बाजारातल्या प्लास्टिक पट्टीसारखं नाही.

तक्रार एकच, फोन उचलत नाहीत आणि वेळ दिलेल्या वेळेपेक्षा जास्त लागला, आम्हाला फ्रेम १३ तारखेच्या रात्री मिळाली. एप्रिलमध्ये ऑर्डर खूप असतात त्यांच्याकडे, त्यामुळे जयंतीसाठी हवं असेल तर फेब्रुवारीतच जाऊन या आणि लेबलचा मजकूर घरूनच नीट तपासून घेऊन जा. जय भीम.