कशेडी बोगदा: वर्षभर ये-जा केल्यावर

चिपळूण-मुंबई ही माझी नेहमीची वाट. कधी आईच्या तपासणीसाठी, तर मोसमात हापूसच्या पेट्या घेऊन. त्यामुळे पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी बोगदा मी तिन्ही ऋतूंत पाहिला. मला तो मनापासून आवडला आहे.

वेळ वाचतो हे तर सगळेच सांगतात. जुन्या घाटात पाऊण तास सहज जायचा, आणि वळणावर एखादा ट्रेलर अडकला की मग काही खरं नसायचं. आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा काही मिनिटांत संपतो. आमच्या घरी सगळ्यात जास्त सुख झालं ते आईला. तिला घाटात हमखास गाडी लागायची. पोलादपूर मागे पडलं की ती लिंबू हुंगत डोळे मिटून बसायची. आता खेडपर्यंत गप्पा मारत येते. जुलैत रात्री धुक्यात आणि दरडीच्या धास्तीने गाडी चालवणंही सुटलं.

2023 च्या गणपतीत फक्त एक बोगदा, तोही हलक्या गाड्यांसाठी, उघडला होता. मुळात बांधणी दोन बोगद्यांची आहे, प्रत्येकी तीन पदरी. समोरून गाडी येणार नाही, एवढ्यानेच अर्धा ताण उतरतो.

पावसाळ्यात मात्र जपून. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाचे एकावर एक थर. त्यांच्या सांध्यांतून आणि भेगांतून पाणी सावकाश झिरपतं, म्हणून बाहेर ऊन पडलं तरी आत छतातून ठिबकत राहतं आणि रस्ता ओला सापडतो. ग्राउटिंग करतात, म्हणजे भेगांत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात. पण एक वाट बुजवली की पाणी दुसरी शोधतं. माझ्या मते झिरपलेलं पाणी बाहेर नेणारी गटारं पावसाआधी साफ करणं हे जास्त महत्त्वाचं काम आहे, आणि त्यात हयगय अजिबात चालणार नाही.

बोगद्यात शिरण्याआधीच हेडलाइट लावा. भर उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात पुढचा विनादिव्यांचा टेम्पो दिसतच नाही. पावसात एसीने गार झालेल्या काचेवर आतली दमट हवा बाहेरून धुकं धरते. तेव्हा वायपर फिरवा आणि एसीचा झोत काचेवरून हटवा. काही लोक कडेला गाडी लावून फोटो काढतात. पोराबाळांना घेऊन तिथे उभं राहू नका हो, मागून भरधाव गाड्या येत असतात.

आणखी एक, जुना घाट वाऱ्यावर सोडू नये. दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवावा लागला, तर गणपतीची सगळी गर्दी त्याच वळणांवर येणार. तिथले कठडे, गटारं आणि खड्डे दरवर्षी पाहायलाच हवेत.