मत्स्यतळ्याची जागा शोधायला क्यूजीआयएस: नकार द्यायला एक नंबर

मत्स्यशेतीसाठी जागा पाहून देणं हे माझं काम आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर माझं रोजचं हत्यार. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००२ पासून वाढत आलंय, साध्या लॅपटॉपवरही चालतं. तळं कुठे करू नये हे ते झटक्यात सांगतं. कुठे करावं, हे मात्र त्याच्यावर सोडू नका.

उतार, ओढ्यापासूनचं अंतर, रस्ता, वस्ती, राखीव जंगल असे नकाशाचे थर एकावर एक चढवले की भल्यामोठ्या पट्ट्यातून पाहण्याजोगे मोजके तुकडे उरतात. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात आणि त्यात १० मीटरच्या चौकटीपर्यंत पाणी ओळखता येतं. कोरड्या महिन्यातलं आणि पुरानंतरचं चित्र शेजारी ठेवलं (ढगांनी कृपा केली तर!) की पाणी कुठवर चढतं ते कळतं. पूर बांधावरून गेला की मासे तर जातातच, वर परकी जात असेल तर ती नदीत कायमची ठाण मांडू शकते. अशी जागा घरबसल्या बाद होते, याचे पूर्ण गुण.

गोंधळ होतो तो जागांच्या गुणांकनात. बहुतेक जण उताराला इतके टक्के, पाण्याला इतके, मातीला इतके असं ठरवून रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (थरांचं चौकटीगणिक गणित करणारं क्यूजीआयएसमधलं साधन) बेरीज करतात. मग निव्वळ वाळूची जमीनसुद्धा रस्ता जवळ आणि उतार छान म्हणून वरच्या नंबरात येते. पाणीच ठरणार नसेल तर त्या रस्त्याचं काय लोणचं घालायचंय? मातीत चिकणमाती साधारण २० टक्के तरी हवी. जी उणीव भरून निघण्यासारखी नाही तिचा ० आणि १ असा वेगळा थर करा आणि त्याने गुणा. शून्य आलं की विषय संपला.

खारफुटीच्या बाबतीत तर हे गणित पार उलटं चालतं. जमीन सपाट, भरतीचं पाणी दारात, वस्ती नाही, म्हणून कोळंबीच्या तळ्यासाठी पहिला नंबर तिचाच! पण तिथल्या मातीत बऱ्याचदा पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज असतं. खणून हवा लागली की त्यातून गंधकाम्ल तयार होतं, सामू ४ च्याही खाली उतरू शकतो. मग बसा चुना ओतत. आणि ज्या मुळांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात तीच उपटून केलेल्या शेतीला शाश्वत म्हणायचं, म्हणजे कहर झाला. खारफुटीचा थर सगळ्यांत आधी वगळा.

उंचीसाठी सगळे एसआरटीएमचा, म्हणजे अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचा, डेटा घेतात. तो २००० सालचा, ३० मीटरच्या चौकटींचा, उंची पूर्ण मीटरमध्ये. एक टक्का उतार म्हणजे ३० मीटरला ३० सेंटिमीटर, तो यात दिसणार कुठून? आणि तळं मोटर न लावता भरेल-रिकामं होईल का, हे नेमकं तेवढ्यावरच ठरतं. तिथे डंपी लेव्हल (जमिनीची उंच-सखल पातळी मोजायची दुर्बीण) घेऊन उन्हात उभं राहण्याला पर्याय नाही.

यादीत उरलेल्या प्रत्येक जागी मी कंबरभर खोल खड्डा खणून घेते. सकाळी काठोकाठ भरायचा, संध्याकाळी जेवढं जिरलं तेवढं पुन्हा भरायचं, वर फांद्या टाकून झाकायचा. दुसऱ्या सकाळी बरंचसं पाणी शिल्लक असेल तर माती पाणी धरते. पाणी जिथून घेणार तिथला प्राणवायू सूर्य उगवायच्या आधी मोजायचा, कारण तो तेव्हाच सर्वांत खाली असतो. दुपारी मापलं तर कुठलंही शेवाळलेलं डबकं पास होईल. शेजारच्या तळ्याचं सांडपाणी तुमच्या उपशाच्या वरच्या अंगाला सुटतं का, हेही चालत जाऊनच पाहावं लागतं.

धरणात किंवा समुद्रात मासे वाढवायला जाळीचे पिंजरे टाकणाऱ्यांनी क्यूजीआयएसकडून फार आशा ठेवू नये. तिथे जाळ्याखाली किती खोली उरते आणि विष्ठा, उरलेलं खाद्य वाहून न्यायला प्रवाह पुरतो का, हे मुख्य. प्रवाह मोजून आणलेत तर नकाशावर सुरेख दिसेल, बस. तळ्यांसाठी पाचपैकी चार, पिंजऱ्यांसाठी दोन.