नोडमधून 'सेन्सर्स' चालवून मशीनचं तापमान बघणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

वडगावात आमचं डीटीपीचं दुकान आहे, मागच्या भिंतीला लागूनच पॉवरलूम. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात मागांशेजारी कॉम्प्युटर ठेवला की सुताचे बारीक तंतू पंख्यातून आत ओढले जातातच. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत ते अडकतात, वर धूळ बसते आणि हवेची वाटच बंद होते. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेले की स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतात. बाहेरून दिसतं एवढंच, की लग्नपत्रिकेची पीडीएफ निघता निघत नाही. मग माणूस "मशीन जुनं झालं" म्हणून रॅम टाकतो, नाहीतर नवीनच घेतो. गणपतीच्या आधी आमच्या लिनक्स मिंटच्या सगळ्या मशीनवर नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) छोटी स्क्रिप्ट बसवली ती यासाठी. प्रत्येक मशीनचं तापमान ब्राउझरमधल्या एका पानावर चौकोनात दिसतं, ठीक असेल तर हिरवं, तापलं तर लाल. आता शिमगा होऊन गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

ब्राउझरमधल्या पानाला सिस्टीमची कमांड चालवता येत नाही, येऊही नये. कमांड चालवतो नोड, 'चाइल्ड प्रोसेस' मॉड्यूलमधून. पान त्याच्याकडून फक्त आकडे घेतं. कमांड म्हणजे एलएम-सेन्सर्स पॅकेजमधली, तापमानाचे आकडे दाखवणारी 'सेन्सर्स'. तिचं साधं आउटपुट माणसाने वाचायचं आहे: 'पॅकेज आयडी ०', पुढे अधिकचं चिन्ह, ६२.०, अंशाची खूण, मग कंसात मर्यादा. रेगेक्स (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) लावून आकडा काढता येतो, पण एएमडीच्या मशीनवर तीच ओळ 'टीसीटीएल' नावाने येते आणि रेगेक्सच्या हाती काही लागत नाही. कमांडपुढे 'डॅश जे' दिलं की सगळं जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येईल अशा मांडणीत मिळतं. जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल तर आधी पॅकेज अपडेट करा, रेगेक्सशी झटापट करत बसू नका.

नोडमधून कमांड चालवायला नेटवर जिथे तिथे 'एक्झेक' हे फंक्शन वापरलेलं दिसतं. मी 'एक्झेकफाइल'च वापरतो आणि तेच वापरा असं आग्रहाने सांगेन. एक्झेक आधी शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) उघडतं आणि अख्खी ओळ शेलच्या हवाली करतं. पानावरून आलेला एखादा शब्द त्या ओळीत शिरला, तर दुकानाच्या वायफायवरचा कुणीही तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवेल. एक्झेकफाइलमध्ये कमांड वेगळी, आर्ग्युमेंट वेगळे, मध्ये शेल नाही. टाइमआउट द्या. ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या 'सेटइंटरव्हल'ऐवजी पहिलं उत्तर आल्यावरच पुढचा 'सेटटाइमआउट' लावा, नाहीतर एखादी कमांड अडकली की मागे प्रोसेसची रांग लागते. नावात 'सिंक' असलेली फंक्शनं टाळा. ती चालू असेपर्यंत सर्व्हर कुणालाच उत्तर देत नाही.

इतके महिने वापरल्यावर माझं मत मात्र असं झालंय की कमांड जितकी कमी चालवाल तितकं बरं. 'सेन्सर्स' जे आकडे दाखवते ते लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) आधीच 'सिस' फोल्डरमध्ये फाइल म्हणून ठेवतो. फाइल उघडली की ४७००० मिळतं, हजाराने भागलं की ४७ अंश. नवीन प्रोसेस नाही, पार्सिंग नाही. फक्त कुठली फाइल हे नीट बघावं लागतं. बऱ्याच मदरबोर्डवर 'थर्मल झोन शून्य' हा 'एसीपीआयटीझेड' (प्रोसेसरचा नव्हे, मदरबोर्डच्या फर्मवेअरने दिलेला आकडा) निघतो आणि तो दिवसभर २७.८ वर अडून बसतो. त्याच्या भरवशावर राहिलात तर मशीन तापून लाल झालं तरी पान हिरवंच. 'हार्डवेअर मॉनिटर'चे फोल्डर बघा, पण त्यांचे क्रमांक रीस्टार्टनंतर बदलू शकतात. म्हणून क्रमांक कोडमध्ये न लिहिता प्रत्येक फोल्डरमधली 'नेम' फाइल वाचायची: इंटेलला 'कोअरटेम्प', एएमडीला 'के-टेन-टेम्प'.

फायदा कुठे झाला ते सांगतो. दिवाळीनंतर लग्नसराईचं काम वाढलं तेव्हा आमचा ऑपरेटर पोरगा ओरडला, "दादा, मधलं मशीन लाल दिसालंय की!" मशीनवर काहीच काम चालू नव्हतं आणि आकडा सत्तरीच्या वर. उघडून बघितलं तर हीटसिंकवर सुताचा नमद्यासारखा थर, बोटाने सोलून निघाला. पंख्याची पाती धरून ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली, आकडा चाळिशीत आला. तेव्हापासून मी काम चालू असतानाच्या आकड्यापेक्षा रिकाम्या मशीनचा आकडा जास्त बघतो. तो आठवड्यागणिक वर सरकत असेल तर आत कचरा साठतोय.

हार्डडिस्कसाठी 'स्मार्टसीटीएल' ही कमांड आहे, पण तिला रूट (मशीनवरचे सगळे अधिकार असलेली) परवानगी लागते, आणि वेबसर्व्हरला रूट देणं मला अजिबात पटत नाही. २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलपासून 'ड्राइव्हटेम्प' मॉड्यूल आहे. ते लोड केलं की साटा डिस्कचं तापमानही साध्या फाइलमधून मिळतं.

काउंटरवरच्या विंडोजच्या मशीनने मात्र निराशा केली. तिथे पॉवरशेलमधून डब्ल्यूएमआयला (मशीनची माहिती देणाऱ्या विंडोजच्या सोयीला) विचारावं लागतं, तेही अ‍ॅडमिन म्हणून. उत्तर केल्विनच्या दहाव्या भागात येतं: ३०३२ आलं तर दहाने भागून २७३.१५ वजा करायचे, म्हणजे साधारण ३० अंश. आमच्याकडे तो आकडा सकाळपासून रात्रीपर्यंत हलतच नाही. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा त्या मशीनचा चौकोन मी पानावरून काढून टाकलाय, आणि ते दर महिन्याला उघडून हाताने साफ करतो.