पाच आकड्यांची शिकवणी: मेटाबॉलिक सिंड्रोमचा कॉम्प्युटर कोर्स, काही महिने वापरल्यानंतर

ऑफिसच्या आरोग्य तपासणीत ज्यांचे रिपोर्ट काठावर आले, त्यांना हा कोर्स मिळाला. ब्राउझरमध्ये चालतो, मोबाइलवर मात्र अर्धी आकृती स्क्रीनबाहेर जाते, तेव्हा कॉम्प्युटरवरच करावा. विषय एकच: मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारे बिघाड एकत्र येणं, होऊ नये म्हणून काय करायचं. मी अर्ध्या वर्षाहून जास्त वापरला, दादालाही खातं उघडून दिलं. माझं मत आधीच सांगतो. समजावून सांगण्यात हा कोर्स पक्का आहे, सवय लावण्यात कच्चा.

समजावणं किती जमलंय ते पाच आकड्यांच्या पानावर कळतं. कंबरेचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर. पाचपैकी कुठलेही तीन हद्दीबाहेर गेले की मेटाबॉलिक सिंड्रोम. ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी वरचं १३० किंवा खालचं ८५ पासून पुढे, साखर १०० पासून पुढे. यातला एकेक आकडा सुटा बघितला की आपण ‘थोडं वाढलंय’ म्हणतो आणि रिपोर्ट फाइलला लावून मोकळे होतो. इथे तसं करता येत नाही. एक आकडा भरला की बाकीच्या चारांकडे रेघा जातात आणि रेघेवर टिचकी मारली की संबंध उलगडतो: पोटात चरबी साठली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं, यकृत ट्रायग्लिसराइड जास्त सोडू लागतं, त्यापाठोपाठ एचडीएल घसरतं. हे सगळं मी आधी तुकड्या-तुकड्यांत ऐकलं होतं, एका धाग्यात पहिल्यांदा पाहिलं. इतिहासाचंही एक छोटं पान आहे. अमेरिकन डॉक्टर जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हाच गट ‘सिंड्रोम एक्स’ या नावाने मांडला, त्यात लठ्ठपणा नव्हताच! कंबर यादीत नंतर आली.

आणि कंबरेचा धडा तर बघाच. टेप कुठे लावायची हे इतकं बारकाईने मला कोणी दाखवलं नव्हतं. पँटचा पट्टा बसतो तिथे नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड चाचपायचं, दोन्हींच्या मधोमध टेप धरायची, पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडायचा आणि मग वाचायचं. टेप मागच्या बाजूला खाली घसरली तर काय होतं तेही आकृतीत दिसतं. पँटचा नंबर हाच कंबरेचा घेर असं धरून चालणाऱ्यांना इथे चांगलाच धक्का बसतो. हद्द दाखवण्याआधी कोर्स तुमचं मूळ कुठलं हे विचारतो, आणि ते बरोबरच आहे. २००१ च्या अमेरिकन निकषांत पुरुषांना १०२ सेंमी आणि बायकांना ८८ सेंमी होती. दक्षिण आशियाई लोकांसाठी ती ९० आणि ८० धरतात, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटावरची चरबी त्रास द्यायला लागते.

दादाला औषधाच्या प्रश्नाने पकडलं. तो बीपीची गोळी घेतो, मशीनवर १२० च्या आसपास येतं, म्हणून त्याने ऐटीत ‘नॉर्मल’ भरलं. पुढच्याच पानावर ‘रक्तदाबासाठी गोळी चालू आहे का?’ असं आलं. हो म्हटल्याबरोबर तो रकाना लाल झाला. ‘अरे, गोळीने आलंय ना खाली, मग लाल कशाला?’ असं तो माझ्यावरच करवादला. निकष तसाच आहे, औषध चालू असलं तरी तो मुद्दा मोजला जातो. समजावणं कोर्सने केलं, बोलणी मी खाल्ली.

आता तक्रारी. पहिली मोठी आहे. पाचपैकी दोन आकडे हद्दीबाहेर असले तर पडदा हिरवा होतो आणि अभिनंदन येतं. ज्याला अजून झालेलं नाही त्याच्यासाठीच तर हा कोर्स! साखर १०२ आणि कंबर ९२ असलेल्या पुरुषाला शाबासकी द्यायची म्हणजे ऐन वेळी त्याला झोपवायचं. दुसरी, बीपीसाठी एकच रकाना. पाच मिनिटं शांत बसून, एकाहून जास्त वेळा मोजून सरासरी घ्यायची असते, हे कुठेही येत नाही. कंबरेला एवढी माया लावणाऱ्यांनी बीपीच्या पट्ट्यावर एक पान खर्च करायला काय हरकत होती?

व्हिडिओ ठीक. आहाराची डायरी मी लवकरच सोडली, प्रत्येक घास यादीत शोधत बसणं माझ्याच्याने होत नाही. प्रश्नमंजूषा सोप्या आहेत, आणि त्यातच धोका आहे. दहापैकी दहा मिळाले की त्या दिवसाचं काम झाल्यासारखं वाटतं आणि माणूस खुर्चीतून उठतही नाही. उठण्याची आठवण करणारी खिडकी आहे, पण ती मीटिंगच्या मध्यात पडदा झाकते. माझ्या टीममधल्या निम्म्यांनी ती बंद करून टाकली. जेवणानंतर थोडं चाललं तर साखर कमी चढते, हा कोर्समधला सगळ्यात कामाचा सल्ला. तो मात्र एका ओळीत उरकलाय.

आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट, ही उद्दिष्टं अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम या अभ्यासातून घेतली आहेत, हे कोर्स स्वतःच सांगतो. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा जीवनशैली बदलणाऱ्या गटात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी दिसलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. पण तिथे प्रत्येकाला एक प्रशिक्षक होता, समोरासमोर बसून १६ धडे घेणारा. इथे धडे आले, माणूस गळाला. आमच्या कोर्समध्ये सुरुवातीला आहारतज्ज्ञाचा फोन यायचा, तेव्हा मी चालायचोही नियमित. फोन थांबले आणि नुसते ईमेल सुरू झाले, तसं माझं चालणं ढेपाळलं. आता दादा आणि मी संध्याकाळी एकमेकांना ओढून बाहेर काढतो. याचं श्रेय कोर्सला देता येत नाही.

कंबर कमी झाली आहे, ट्रायग्लिसराइडही उतरलं, एचडीएल जागचं हललं नाही. पाच आकड्यांचं पान मी अजून दर तपासणीनंतर भरतो. तुम्ही घेणार असाल तर डॉक्टरकडे जाण्याआधी त्या पानाचा प्रिंट काढून न्या. माहिती डाउनलोड करायची सोय नाही, आणि ऑफिसने करार बंद केला की खातं जातं, असं त्यांच्या अटींत बारीक अक्षरात लिहिलंय.