इन्स्टॉलेशनची माहिती: विकीवर की कोडसोबत रेपोत?

गडचिरोली-यवतमाळकडच्या शाळेत किंवा वाचनालयात ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवणाऱ्याजवळ बहुतेकदा एक पेन ड्राइव्ह आणि मोबाइलचा हॉटस्पॉट असतो. डॉक्स, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायच्या पायऱ्या, कुणालाही सुधारता येणाऱ्या विकीच्या पानावर ठेवायच्या की कोडच्या साठ्यात, म्हणजे रेपोत, हे त्याची अडचण बघून ठरवा.

विकीची सोय खरीच मोठी आहे. एटापल्लीतले सर मोबाइलवरून चुकलेली ओळ तिथल्या तिथे सुधारू शकतात, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकावं लागत नाही. पण पान एक आणि आवृत्त्या अनेक. डेबियन 11 या लिनक्स सिस्टिमवर चालणारं, पायथनची पॅकेजेस टाकणारं साधं 'पिप इन्स्टॉल' डेबियन 12 वर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणून अडतं, कारण सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला आता थेट काही टाकू देत नाहीत. मग कोणी विकीवर त्या ओळीला '--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' जोडतो. डेबियन 11 च्या जुन्या पिपला हा पर्यायच ठाऊक नाही, म्हणजे तिथलं चालू काम बंद पडतं. आणि डेबियन 12 वर सिस्टिमची पॅकेजेस बिघडायचा धोका राहतो. बरोबर उपाय व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचा (सिस्टिमपासून वेगळी पायथनची जागा), पण तो सुचवायला बदल आधी कुणीतरी तपासायला हवा. कोड ठेवायच्या गिटहब या साइटवरची विकी ही वेगळी गिट रेपो असते: तिला पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मग घ्यायची सोय) नाही, आणि रिलीजच्या, म्हणजे प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीच्या, झिप फाइलमध्ये ती येतही नाही. नेट नसलं की डॉक्सही नाहीत.

रेपोतल्या 'डॉक्स' फोल्डरमध्ये कोड आणि पायऱ्या एकाच पुल रिक्वेस्टमध्ये बदलतात. जुना टॅग (आवृत्तीची खूण) उघडला की त्याच आवृत्तीच्या पायऱ्या मिळतात. मराठी भाषांतर ठेवायचं असेल तर स्फिंक्स (डॉक्सचं एचटीएमएल, पीडीएफ तयार करणारं साधन) घ्या, हे आम्ही ठामपणे सांगतो. मूळ परिच्छेद बदलून पीओ फाइल (भाषांतराची फाइल) अद्ययावत केली की जुनं भाषांतर 'फझी', म्हणजे संशयास्पद, ठरतं आणि त्याजागी इंग्रजी मजकूर दिसतो. वाचणाऱ्याच्या हाती कालबाह्य मराठी कमांड पडत नाही. साध्या विकीवर मराठी पान मागे राहिलं तरी कोणाला पत्ता लागत नाही. पीडीएफ काढताना मात्र इंजिन झीलेटेक ठेवा आणि देवनागरी फॉन्ट नेमून द्या. मूळचं पीडीएफलेटेक देवनागरीला पुरत नाही.

रेपोची अडचण नव्या माणसाला होते. गिट क्लोन (सगळी रेपो उतरवून घेणं) अर्ध्यात तुटलं की पहिल्यापासून सुरू. 'डेप्थ 1' दिल्यास जुना इतिहास येत नाही, डाउनलोड कमी होतं. नुसती ओळ सुधारायची असेल तर गिटहबचं पेन्सिलचं बटण पुरतं, फोर्क (रेपोची आपली प्रत) ते स्वतःच करतं. पण आलेल्या पुल रिक्वेस्ट बघायला कोणाला वेळच नसेल, तर विकीच बरी.

पायऱ्या कोऱ्या कंटेनरमध्ये (तात्पुरत्या, वेगळ्या सिस्टिममध्ये) आपोआप चालवून बघता येतात, हाही रेपोचा फायदा. सार्वजनिक रेपोत 60 दिवस हालचाल नसेल तर गिटहब वेळापत्रकावरच्या चाचण्या बंद करतं, तेवढं लक्षात असू द्या.

वर्ड फाइल व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं, दोन हायफनची लांब रेघ करतं, आणि कॉपी केलेली कमांड चालत नाही.

नियमित रिलीज निघत असतील तर पायऱ्या रेपोत ठेवा; कोणता प्रिंटर चालतो, कोणत्या गावी काय अडलं, हे विकीवर जाऊ द्या. ॲप्ट (डेबियनमध्ये पॅकेजेस बसवणारं साधन) चालू असताना लाइट गेली तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवायचं, ही ओळ मात्र मुख्य पायऱ्यांतच हवी. पेन ड्राइव्हवर झिपसोबत तयार एचटीएमएलही टाका, कारण रेपोच्या झिपमध्ये फक्त मूळ मजकूर असतो.