करड्या सागवानाला ‘कुजलंय’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

ऊन-पावसात ठेवलेलं सागवानी फर्निचर करडं पडलं की ते कुजतंय असं सांगून ‘ट्रीटमेंट’ विकणारे लोक फिरत असतात. आमच्याकडे असाच एक जण येऊन गेला. त्याची पद्धत इतकी सफाईदार होती की तो अजूनही कुणाकुणाला टोपी घालत असणार, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आल्याबरोबर त्याने खुर्चीचा हात नखाने खरवडला. निघालेली करडी भुकटी तळहातावर घेऊन म्हणाला, “ताई, ही बुरशी. आतून सगळं पोखरत आणलंय.” मग फडक्यावर बाटलीतलं तेल घेऊन तेवढाच भाग पुसला. मधाळ रंग झर्रकन वर आला. “बघा, जीव आला की नाही लाकडात!”

ही सगळी बनवाबनवी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाच्या वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारं द्रव्य, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि फिकट तंतू मागे उरतात. तीच ती भुकटी. हा थर मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो, आतलं लाकूड धडधाकट असतं. आणि रंग म्हणाल तर करड्या सागवानावर साधं पाणी चोळलं तरी तसाच वर येतो. खरोखर कुज लागलीय का ते पाहायचं तर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघावं, विशेषतः पायांच्या तळाशी आणि सांध्यांपाशी, कारण पाणी तिथेच मुरतं. चांगलं लाकूड टोक आत शिरू देत नाही, कुजलेल्यात ते सहज रुततं. ही परीक्षा त्याने केलीच नाही.

मग काम सुरू झालं. आधी जोरदार प्रेशरने धुलाई. त्यात रेषांमधला मऊ भाग उडून गेला आणि बाकाच्या पाठीवर अशा कडा उभ्या राहिल्या की टेकून बसलं तर कपड्याचा धागा अडकतो. त्यावर लोखंडी तारेची घासणी फिरवली. तिचे बारीक कण लाकडात रुतून राहिले, ओल लागल्यावर गंजले आणि सगळीकडे काळे ठिपके उठले. वरून ‘अस्सल सागवान तेल’. टीक ऑइल नावाने विकलं जाणारं तेल सागाच्या झाडातून निघत नाही. ते बहुधा जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल असतं, त्यात पातळ करायला सॉल्व्हंट आणि कधी थोडं वार्निश. बाहेर ठेवलेल्या सागवानाचं आयुष्य त्याने वाढत नाही. रंग काही काळ टिकतो, मग तेल परत परत लावत बसावं लागतं. शिवाय दमट हवेत त्या तेलावरच काळी बुरशी धरते. दरवर्षी येऊन तेल लावून द्यायचा त्याचा करार नेमका यावरच चालतो.

पण खरा दरोडा पुढे होता. दोन खुर्च्या ‘वर्कशॉपमध्येच नीट होतील’ म्हणून तो घेऊन गेला. परत आल्या तेव्हा चकाचक होत्या, पण उचलताना हाताला हलक्या लागल्या. पहिल्याच पावसात पट्ट्यांवरून तपकिरी पाणी ओघळलं आणि खाली पांढुरकं लाकूड उघडं पडलं. आमच्या पट्ट्या पितळी स्क्रूंनी बसवलेल्या होत्या, वर लाकडी गुट्ट्या होत्या. तिथे आता लोखंडी खिळे ठोकून पुटी भरलेली होती, आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचा ओघळ. जुनं गाभ्याचं सागवान काढून घेऊन त्याने कुठलं तरी हलकं लाकूड रंगवून बसवलं होतं. सागाचा टिकाऊपणा गाभ्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे असतो. टेक्टोक्विनोन हे त्यातलंच, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागात हे बळ नसतं, मग तो सागाचाच का असेना.

फोन केला तर म्हणाला, “पावसाने असं होतंच, अजून एक कोट मारू.” त्यानंतर फोन बंदच.

दुरुस्तीला द्यायचंच झालं तर प्रत्येक पट्टीच्या खालच्या अंगाला खूण करा, सांध्यांचे आणि स्क्रूंचे जवळून फोटो काढा आणि काय बदलणार ते बिलावर लिहून घ्या. एरवी सागवानाला फार काही लागत नाही. सौम्य साबणाचं पाणी, मऊ ब्रश रेषेच्या दिशेने, आणि पाय पाण्यात राहणार नाहीत अशी जागा. प्लॅस्टिकने गच्च झाकू नका, आत ओल कोंडते. करडा रंग नकोच असेल तर बारीक काचपेपर पुरतो.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवाच. जाताना तो तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा भिंतीशी टाकून गेला होता. जवसाचं तेल सुकताना तापतं, आणि अशा ढिगाला काडी न लावताही आग लागू शकते. त्या चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवा.