‘फामिलिया रोमाना’ वापरून लॅटिन शिकताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

डॅनिश शिक्षक हान्स हेनिंग ओर्बर्ग यांचे ‘फामिलिया रोमाना’ हे पुस्तक मी गेले अनेक महिने जवळजवळ रोज वाचत आहे. १९५५ मध्ये प्रथम निघालेल्या आणि पुढे नव्याने बांधलेल्या ‘लिंग्वा लातिना’ या पाठ्यक्रमाचा हा पहिला भाग. त्यात ३५ प्रकरणे आहेत आणि सर्व मजकूर लॅटिनमध्ये आहे. भाषांतर कुठेच दिलेले नाही. ‘रोमा इन इतालिया एस्त’ हे पहिले वाक्य सोबतच्या नकाशामुळे समजते, त्या वाक्याच्या आधारावर दुसरे समजते, आणि नवा शब्द आला की पानाच्या समासात एखादे चित्र, समानार्थी शब्द किंवा विरुद्धार्थी शब्द दिलेला असतो. युलियुस नावाचा श्रीमंत रोमन गृहस्थ, त्याची पत्नी एमिलिया, तीन मुले आणि घरातले गुलाम यांची सलग कथा पुस्तकभर चालते. मेदुस हा गुलाम पळून जातो आणि प्रेयसी लिदियासह समुद्रमार्गे ग्रीसकडे निघतो, तेव्हा पुढे काय झाले हे कळावे म्हणून मी प्रकरणे वाचत गेलो. भाषेच्या पाठ्यपुस्तकाबाबत असे मला क्वचितच म्हणता येईल.

शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला या भाषेत बरेच काही ओळखीचे भेटते, आणि माझ्या आनंदाचा मोठा भाग तिथेच आहे. तीन लिंगे आणि लिंगवचनाप्रमाणे बदलणारी विशेषणे आपल्याला नवी नाहीत. चौथ्या प्रकरणात दावुस हा गुलाम स्वतःची पैशांची पिशवी टेबलावर ठेवतो, तेव्हा लॅटिन ‘सुउस’ आणि ‘एयुस’ असा जो भेद करते, तो आपण ‘आपली पिशवी’ आणि ‘त्याची पिशवी’ या बोलण्यात रोज करतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो मुद्दाम समजावून द्यावा लागतो. समुद्रावरील वादळाच्या सोळाव्या प्रकरणात रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी अशी क्रियापदे येतात, आणि ती वाचताना आत्मनेपदाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. त्याच प्रकरणातील निरपेक्ष अपादानाची (अपादान ही लॅटिनमधील एक विभक्ती) रचना तर सति सप्तमीची सख्खी बहीण वाटते. शिवाय लॅटिनमध्ये संधी सोडवत बसावे लागत नाही आणि लांबलचक समासही नाहीत, त्यामुळे वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा दिसतो.

याच ओळखीमुळे काही अडचणी मात्र उशिरा लक्षात येतात. संस्कृतात तृतीया, पंचमी आणि सप्तमी वेगवेगळी कामे करतात. लॅटिनमध्ये त्या तिन्हींचा बहुतेक भार एकट्या अपादानावर येऊन पडला आहे. साधन, वियोग की स्थळ, हे शब्दयोगी अव्ययावरून, क्रियापदावरून आणि अनेकदा केवळ संदर्भावरून ठरवावे लागते. उलट ‘रोसाए’ हे एकच रूप षष्ठी एकवचन, चतुर्थी एकवचन, प्रथमा अनेकवचन आणि संबोधन अनेकवचन अशी चार कामे करते. पुस्तक हे सर्व हळूहळू उलगडत नेते, पण मला एका दृष्टिक्षेपात पाहता येईल असा तक्ता हवा होता. शेवटी शालेय शब्दरूपावलीच्या पद्धतीने मी स्वतःच तक्ते आखले, आणि त्यानंतर वाचनाचा वेग स्पष्टपणे वाढला. हे पुस्तक घेणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यापासूनच तसे करण्याचा माझा आग्रह राहील.

उच्चारांच्या बाबतीत ओर्बर्ग यांनी दीर्घ स्वरांवर रेघ दिली आहे, ही मोठी सोय आहे, कारण ‘रोसा’ची प्रथमा आणि अपादान यांत फरक फक्त शेवटच्या स्वराच्या लांबीचा असतो. मराठी कानाला अ आणि आ यांतील फरक सहज ऐकू येतो. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांची सवय मात्र मोठ्याने वाचूनच करावी लागते.

काळांच्या क्रमाविषयी माझी स्पष्ट तक्रार आहे. पहिली अठरा प्रकरणे वर्तमानकाळात जातात, एकोणिसाव्या प्रकरणात अपूर्ण भूतकाळ येतो आणि पूर्ण भूतकाळासाठी एकविसाव्या प्रकरणापर्यंत थांबावे लागते. कथेच्या दृष्टीने हे जमून गेले असले, तरी मधल्या काळात पुस्तकाबाहेरचे साधे लॅटिन वाक्यही वाचता येत नाही. सत्ताविसाव्या प्रकरणापासून क्रियापदाचे संशयार्थी रूप सुरू होते आणि चढण एकदम तीव्र होते. आज्ञा, हेतू, परिणाम आणि अप्रत्यक्ष प्रश्न यांसाठी ते वापरले जाते, आणि मुख्य वाक्याच्या काळानुसार त्याचा काळ बदलतो. इथे एकभाषी पद्धत अपुरी पडते, असे माझे मत आहे. मी या टप्प्यावर वेगळे व्याकरण उघडले आणि त्याचा फायदा झाला.

चौतिसाव्या प्रकरणाने मात्र या कष्टांचे मोल चुकते केले. त्यात कातुल्लुस, ओविद आणि मार्शल यांच्या खऱ्या कविता आहेत आणि लॅटिन छंदांची ओळख आहे. षट्पदी, म्हणजे सहा गणांच्या, ओळीचा मूळ गण गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, आणि त्याच्या जागी दोन गुरूही चालतात. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरु मानण्याचा आपला नियम तिथेही जवळपास तसाच लागू पडतो. शब्दाच्या शेवटचा स्वर किंवा मकारान्त अक्षर पुढच्या स्वरात विरून जाते, एवढे लक्षात ठेवले की ओळ चालीत म्हणता येते. दोन हजार वर्षांपूर्वीची कविता भाषांतराविना, तिच्या स्वतःच्या लयीत म्हणताना मला जो आनंद झाला, तो इतर कोणत्याही प्रकरणाने दिला नाही. पस्तिसाव्या प्रकरणात चौथ्या शतकातील दोनातुस या व्याकरणकाराचे प्रश्नोत्तरी व्याकरण आहे. तोपर्यंत ते थेट वाचता येते.

हे पुस्तक संपवून लगेच सीझरच्या गॉलमधील युद्धवृत्तान्ताकडे वळणाऱ्यांनी पहिल्या भागातील जर्मन राजा आरिओविस्तुस आणि सीझर यांच्या संवादाची तयारी ठेवावी. तो बहुतांश अप्रत्यक्ष कथनात आहे आणि अकराव्या प्रकरणात शिकलेली द्वितीया व धातुरूपाची (‘तो येतो असे’ऐवजी ‘त्याला येणे’ अशा धर्तीची) रचना तिथे ओळीमागून ओळी चालते. मी त्याआधी संत जेरोमच्या लॅटिन बायबलमधील शुभवर्तमाने वाचली. त्यांतील वाक्ये छोटी आहेत, शब्दक्रम सरळ आहे आणि आशय बहुधा आधीच ठाऊक असतो. आता सीझरचे एक-एक प्रकरण वाचतो आहे, शब्दकोश शेजारी ठेवून आणि प्रत्येक लांब वाक्यातील क्रियापद आधी शोधून.